ऐंशी रंग आणि एक संथ अणू

इंटरनेटची माहिती वाहणाऱ्या एकाच काचेच्या तंतूतून ऐंशी वेगवेगळे प्रकाश सोडले, तर पलीकडे नुसता गोंधळ निघणार, असं बहुतेकांना वाटतं. डोळ्यांपुढे रंगपेटी असते: सगळे रंग कालवले की चिखल! पण अंधारात दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांना छेदू द्या. दोन्ही आरपार जातात, कुणाचंच काही बिघडत नाही. तंतूतही तसंच. झोत फार तीव्र केले तर काच थोडी ढवळाढवळ करते, एवढंच.

'रंग' हा शब्द सोयीचा. प्रत्यक्षात हा प्रकाश १५३० ते १५६५ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. शेजारच्या दोन तरंगलांबींत जेमतेम ०.४ नॅनोमीटरचं अंतर असतं. काही दिसत नाही म्हणून चालू तंतूच्या टोकात डोकावू नका. डोळ्याला इजा होऊ शकते.

हाच पट्टा का? काच इथे सर्वांत पारदर्शक असते. तरीही ८० किलोमीटरनंतर साधारण चाळिसावा हिस्साच प्रकाश उरतो. पूर्वी दर टप्प्यावर प्रकाशाची वीज करून पुन्हा नवा प्रकाश पाठवावा लागे. ऐंशी रंग म्हणजे ऐंशी यंत्रं! १९८७मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्विर यांनी दाखवलं, की काचेत एर्बियम हे मूलद्रव्य किंचित मिसळलं तर तंतू स्वतःच प्रकाश वाढवतो.

९८० नॅनोमीटरचा लेझर एर्बियमच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, वरच्या ऊर्जापातळीवर ढकलतो. तिथून तो लगेच किंचित खाली उतरतो आणि एका पातळीवर थबकतो. १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा फोटॉन आला, की आयन साठवलेली ऊर्जा सोडतो आणि अगदी तसाच दुसरा फोटॉन जन्मतो: तीच तरंगलांबी, तीच दिशा, तीच कला (लहरीच्या चढउतारांचा मेळ). आइन्स्टाइनने १९१७मध्ये मांडलेलं उद्दीपित उत्सर्जन ते हेच. काचेतल्या विद्युतक्षेत्रांमुळे एर्बियमच्या पातळ्या फुटून पसरतात, म्हणून एकच नाही तर जवळजवळ पूर्ण पट्टा एकदम वाढतो.

मला सर्वांत मोह पडतो तो त्या थबकण्याचा. आयन तिथे सुमारे १० मिलिसेकंद राहतो. सेकंदाला १० अब्ज बिट जाणाऱ्या एका रंगात तेवढ्या वेळात १० कोटी बिट निघून गेलेले असतात! त्यामुळे शेजारच्या रंगातल्या एकेका शून्य-एकाची दखल आयन घेऊच शकत नाही. त्याला फक्त सरासरी कळते. एका रंगाची उघडझाप दुसऱ्यावर उमटत नाही ती या संथपणामुळे. अर्धवाहक प्रवर्धकात, म्हणजे प्रकाश वाढवणाऱ्या चिपमध्ये, ऊर्जा नॅनोसेकंदाच्या आतबाहेर भरून निघते. तिथे रंग एकमेकांवर सहज छाप पाडतात.

'विक्रमी वेगाचं इंटरनेट' अशा बातम्यांनी फसू नका. रंग कितीही वाढवले, तरी काचेतला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच धावतो. वाढते ती वाहून नेण्याची क्षमता.

आणि संधी मिळाली तर तो ९८० नॅनोमीटरचा लेझर चालू असताना अंधारात एर्बियमच्या तंतूचं वेटोळं बाजूने पाहा. फिकट हिरवं चमकतं ते. काही आयन दोन फोटॉनांची ऊर्जा गोळा करून आणखी वर चढतात आणि तिथून हिरवा प्रकाश टाकत उतरतात.