सिकलसेल चाचणी आणि वाहकांवरचा शिक्का : पार्श्वभूमी

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. त्याचं जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, असं 1968 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी लिहिलं होतं. दोन नोबेल मिळवलेला माणूस! सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे 1949 मध्ये त्यांच्याच चमूने दाखवलं होतं. दोन वाहकांचं, म्हणजे आई किंवा वडील अशा एकाकडूनच हे जनुक आलेल्यांचं, लग्न टळावं, हा त्यांचा हेतू. जनुकीय चाचणीबद्दल लोकांच्या मनात जी धास्ती आहे, तिची एक मोठी मुळी इथे सापडते.

सिकलसेलची चाचणी स्वस्त आणि झटपट होती. बोटाला टोचून काढलेलं रक्त द्रावणात टाकायचं. गढूळ झालं की 'पॉझिटिव्ह'. पण वाहक (एएस, म्हणजे एक सदोष जनुक) असो की रुग्ण (एसएस, म्हणजे दोन्ही सदोष), द्रावण दोघांचंही गढूळ होतं. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) करावं लागतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अनेक राज्यांनी ही तपासणी सक्तीची केली, तीही मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी, आणि धडधाकट वाहकांनाही आजारी ठरवलं गेलं. नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. वायुदलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना 1981 पर्यंत बंदच होते. 1972 च्या केंद्रीय कायद्याने ऐच्छिक तपासणीवर भर दिला, पण अविश्वास बसला तो बसलाच. 2008 मध्ये अमेरिकेने जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा केला, त्याच्या प्रास्ताविकातच या सिकलसेल प्रकरणाचा दाखला आहे. कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता. आयुर्विमा त्यातून सुटला.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. 2018 मध्ये हृदयविकाराच्या एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 'जनुकीय आजार' म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव ठरवला, आणि विमा नियामकाने कंपन्यांना तशा सूचना दिल्या.

पण सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूरकडे किंवा नंदुरबारला विम्याआधी स्थळाचा प्रश्न येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणीच्या निकालाची कार्डं जुळवून पाहा, असा सल्ला दिला जातो. एक वाहक असेल आणि दुसऱ्यात हे जनुकच नसेल तर मूल रुग्ण होत नाही, हे सांगूनही 'तिच्यात सिकल आहे' एवढंच गावभर होतं. त्यात मुलीचीच चर्चा जास्त, हे वेगळं सांगायला नको.

ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस गावात हे आधीच घडून गेलंय. तिथे गावकऱ्यांची तपासणी झाली, समुपदेशन झालं. काही वर्षांनी पाहिलं तर वाहकांनी आपली ओळख लपवली होती, आणि वाहक-वाहक लग्नं जवळपास तेवढीच झाली होती जेवढी तपासणीशिवाय झाली असती. जुलै 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोक तपासण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. रक्त घ्यायला यंत्रणा आहे. निकाल हातात ठेवताना शेजारी बसून समजावणाऱ्या माणसांची तरतूद किती होते, यावर पुढचं बरंच ठरेल.