खुल्या तारकागुच्छांचे वर्णपटीय सर्वेक्षण

वायू व धुळीच्या एकाच मेघातून जवळपास एकाच काळी जन्मलेल्या आणि गुरुत्वाकर्षणाने सैलसर बांधल्या गेलेल्या शेकडो ते काही हजार ताऱ्यांच्या समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका हा त्यांतला सर्वांत परिचित गुच्छ. मुंबईच्या उजळलेल्या आकाशातही त्याचे चार-पाच तारे ओळखू येतात.

ताऱ्याच्या वर्णपटातील, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांनुसार विखुरून मिळणाऱ्या पट्ट्यातील, काळ्या शोषणरेषा किती सरकल्या आहेत यावरून तो आपल्या दिशेने येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कळतो, तर रेषांच्या ठळकपणावरून व ताऱ्याच्या तापमानावरून लोह, मॅग्नेशियम, बेरियम अशा मूलद्रव्यांचे प्रमाण काढता येते. गुच्छाच्या खऱ्या सदस्यांचे हे वेग सेकंदाला साधारण एका किलोमीटरच्या फरकाने जुळतात, त्यामुळे वाटेत दिसणारे परके तारे वेगळे काढता येतात.

पूर्वी एकेका ताऱ्याचा वर्णपट घ्यावा लागे. प्रत्येकी एका ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकापर्यंत नेणाऱ्या काचेच्या बारीक प्रकाशतंतूंमुळे हे चित्र पालटले. आकाशगंगेतील ताऱ्यांचे अवरक्त (तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातले) वर्णपट घेणाऱ्या अपोजी सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ताऱ्यांच्या नेमक्या जागी भोके पाडून त्यांत ३०० तंतू हाताने खोचले जात; रात्रीच्या निरीक्षणामागे दिवसाचे हे किचकट काम असे. ऑस्ट्रेलियातील गाला सर्वेक्षणाने ३.९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून एका वेळी सुमारे ४०० तारे टिपले.

एकाच मेघातून जन्मलेल्या ताऱ्यांची रासायनिक घडण सारखीच असणार, हे या अभ्यासातले मूळ गृहीतक. त्याचीच कसोटी कर्क राशीतील एम ६७ या गुच्छात लागली. सुमारे ४ अब्ज वर्षे वयाच्या आणि सूर्यासारखी घडण असलेल्या या गुच्छात, मध्यातील हायड्रोजन संपत आलेल्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर लोह त्याच गुच्छातील तांबड्या राक्षसी (वयानुसार फुगलेल्या) ताऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळते. जड मूलद्रव्ये अशा ताऱ्यांत हळूहळू खाली बसतात. पुढे तारा फुगला की खोलवरच्या अभिसरणाने ती पुन्हा वर येतात. साहजिकच, विखुरलेल्या ताऱ्यांचा जन्मगुच्छ केवळ रासायनिक खुणांवरून शोधण्याची २००२ मध्ये मांडली गेलेली कल्पना जितकी आकर्षक, तितकीच जपून वापरावी लागते, आणि तुलना उत्क्रांतीच्या एकाच टप्प्यातील ताऱ्यांचीच करणे सयुक्तिक ठरते.

गुच्छांचे वय व अंतर बरेच अचूक काढता येत असल्याने आकाशगंगेच्या तबकडीचा रासायनिक नकाशा त्यांच्यावरून आखतात. केंद्रापासून दूर जाताना दर हजार पार्सेकांमागे (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) लोहाचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्क्यांनी घटते.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अवरक्त वर्णपटमापक घडवले आहेत. लडाखमधील हानले येथील २ मीटर दुर्बिणीवरचे टिर्स्पेक आणि उत्तराखंडातील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचे, इतर संस्थांच्या सहकार्याने उभारलेले टॅन्स्पेक ही त्यांपैकी दोन. अवरक्त किरण धुळीतून पार होत असल्याने अजून मेघातच दडलेल्या कोवळ्या गुच्छांसाठी ही यंत्रे सोयीची आहेत. मात्र त्यांचे काम सर्वेक्षणाचे नव्हे, निवडक ताऱ्यांचे आहे. टॅन्स्पेकची विभेदनक्षमता (वर्णपटातील जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) सुमारे २,७५० तर अपोजीची सुमारे २२,५०० असल्यामुळे पहिल्यातून ताऱ्याचा प्रकार व तापमान चांगले कळते, पण मूलद्रव्यांच्या बारीक मोजणीसाठी दुसऱ्याकडेच वळावे लागते.