पाणथळीवरचं पक्षी आणि चतुर निरीक्षण

तलाव, बंधाऱ्याचं बॅकवॉटर, भातखाचर, खाडी, ओढ्याकाठचं डबकं अशा पाणथळ जागी पक्षी आणि चतुर-टाचण्या (टाचणी म्हणजे चतुराचाच सडपातळ भाऊबंद कीटक) यांना न पकडता, न हुसकावता बघणं, ओळखणं आणि त्यांची नोंद ठेवणं याला हे निरीक्षण म्हणतात. यातलं पक्ष्यांचं अंग आपल्याकडे जुनं आहे. त्याची सुरुवात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेपासून (१८८३) धरायची की त्याआधीच्या शिकारी साहेबांच्या टिपणांपासून, यावर दोन मतं पडतात, पण बंदूक बाजूला ठेवून नुसत्या दुर्बिणीने बघायची सवय त्यामानाने बरीच नंतरची, साधारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेली मानणं जास्त बरोबर वाटतं. चतुरांकडे लोक आणखी उशिरा वळले. फ्रेझर या लष्करी डॉक्टरचे ब्रिटिश भारतातल्या चतुरांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात आले, आणि नंतर खूप वर्षं हा विषय तज्ज्ञांपुरताच राहिला, हौशी मंडळी आली ती बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यासोबत.

महाराष्ट्रात दोन्ही एकत्र बघायला नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर (निफाड तालुका) चांगलं, म्हणून इथे तेच उदाहरण घेतलंय. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात बंधारा बांधला, बहुतेक ठिकाणी १९०७ हे साल दिलेलं असतं पण ते काम सुरू झाल्याचं की पुरं झाल्याचं यात गोंधळ आहे, तेव्हा विसाव्या शतकाची सुरुवात एवढं म्हणणं सुरक्षित. शंभर वर्षांत मागच्या पाण्यात गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं. सिंचनाच्या दृष्टीने हा तोटा, पण पक्ष्यांना नेमकं हेच हवं होतं. १९८६ मधे अभयारण्य जाहीर झालं, २०१९ मधे रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला (जाहीर झालं जानेवारी २०२० मधे), क्षेत्र सुमारे १,४३७ हेक्टर आणि राज्यातलं हे पहिलं रामसर स्थळ. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर (राजस्थानातलं प्रसिद्ध पक्षी अभयारण्य) म्हटलं असं सगळीकडे सांगतात. वन विभागाचे निरीक्षण मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत.

पक्षी कुठे बघायचा हे पाण्याच्या खोलीवर ठरतं आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी ओळख दुर्बीण लावायच्या आधीच होते. काठच्या चिखलात तुतवार आणि टिटव्या, घोटाभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या, त्याच्यापुढे चमचे आणि चित्रबलाक, तरंगत्या पानांवर कमळपक्षी, पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, मोकळ्या पाण्यावर वारकऱ्यांचे थवे. बदकांतही थापट्या आणि तलवार बदकं उथळ पाण्यात फक्त डोकं बुडवून खातात तर लालसरी पूर्ण बुडी मारते, म्हणून ती खोल पाण्याकडे. थापट्यांचा घोळका पाण्यात गोल गोल फिरताना दिसला तर ते खेळत नाहीयेत, एकमेकांच्या पायांनी ढवळून वर आलेलं खाद्य चोचीने गाळतायत. पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, टिबुकली बारा महिने असतात, उत्तरेकडची बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पांगतात. कालव्याला पाणी सोडलं की पातळी उतरते आणि काल जिथे बदकं होती तिथे आज चिखलातले पक्षी, त्यामुळे जुनी यादी घेऊन गेलात तर फसाल.

चतुरांचं वेळापत्रक याच्या उलट असतं. पक्ष्यांसाठी पहाटे जावं लागतं, चतुर मात्र थंड रक्ताचा, ऊन चढून पंखांचे स्नायू तापल्याशिवाय तो उडत नाही, म्हणजे पक्षीवाले चहाला निघतात तेव्हा चतुरवाल्यांचं काम सुरू होतं. भर दुपारी काही जाती काडीवर बसून शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतात, त्याने अंगावर पडणारं ऊन कमी होतं. ऋतूही वेगळा, पावसाळा संपता संपता चतुर सगळ्यात जास्त, थंडीत कमी. दोन्हीचा मेळ बसतो तो ऑक्टोबर आणि फारतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि माझ्या मते एकदाच जायचं असेल तर तेव्हाच जावं, भले फ्लेमिंगोची गर्दी त्यावेळी नसेल.

चतुर आणि टाचणी यातला फरक बहुतेकांना माहीत असतो (बसल्यावर चतुराचे पंख पसरलेले, टाचणीचे अंगालगत मिटलेले, काही टाचण्या मात्र अर्धे उघडे ठेवतात). चतुर पाण्यावर उडताना दिसला म्हणजे तो तिथलाच असं मात्र समजू नये. त्याची पिल्लं, म्हणजे अप्सरा अवस्था, पाण्याखाली वाढते, खालचा ओठ झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या, बेडूकमासे पकडते, आणि शेवटी लव्हाळ्याच्या काडीवर चढून कात टाकते. ही रिकामी कात सापडली तरच ती जात तिथे वाढली असं खात्रीने म्हणता येतं, उडणारा प्रौढ कुठूनही आलेला असू शकतो. ऑर्थेट्रम सबिना, ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा या जाती घाण पाणीही चालवून घेतात, तेव्हा काठावर त्याच दोन-तीन जाती भरपूर आणि बाकी काही नाही असं दिसलं तर पाण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. अंडी घालायला मादी पाणी शोधते ते परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, त्यामुळे चकचकीत गाडीच्या बॉनेटवरही ती शेपटी टेकवताना दिसते, तिची ती अंडी वाया जातात.

‘कुठूनही आलेला’ याचं टोकाचं उदाहरण म्हणजे पँटाला फ्लेव्हसेन्स, पावसाळ्याअखेर मैदानांवर शेकड्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर. हा स्थलांतर करतो याबद्दल आता वाद नाही, वाद आहे तो कुठून कुठे आणि कसा याबद्दल. फिलिप कॉर्बेट यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं की तो विषुववृत्ताजवळ सरकणाऱ्या पावसाच्या पट्ट्यामागे जातो, कारण त्याची अप्सरा दीड-दोन महिन्यांत वाढते आणि पावसाची तात्पुरती डबकी तिला पुरतात, मासेही नसतात. पुढे मालदीवमधे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मधे लिहिलं की दर ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे हे चतुर लाखोंनी येतात, पण मालदीवमधे गोडं पाणी पृष्ठभागावर जवळपास नाहीच, म्हणजे ते तिथे वाढलेले नाहीत. गंमत अशी की ते पहिल्यांदा पोचतात तेव्हा जमिनीलगतचा वारा उलटा, भारताकडे वाहत असतो. अँडरसन यांच्या मते ते हजारेक मीटरवरून उडतात, तिथे ईशान्येचा वारा आधीच सुरू झालेला असतो, आणि मालदीववरून ते पुढे पूर्व आफ्रिकेत जातात, तिथल्या पावसात पिल्लं वाढतात आणि पुढच्या पिढ्यांपैकी एखादी नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर भारतात येते. सगळं वर्तुळ १४,००० ते १८,००० किमी, पण एका जिवाचं नाही, काही पिढ्यांचं मिळून.

२०१२ मधे मालदीवच्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली. पावसाच्या पाण्यातलं जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशाप्रमाणे बदलतं आणि अप्सरा ज्या पाण्यात वाढली त्याची खूण पंखात राहते. त्यातून उगम दक्षिण भारताऐवजी उत्तर भारत किंवा त्याहून उत्तरेला निघाला. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात तर आशिया आणि दोन्ही अमेरिकांमधल्या नमुन्यांत इतकं साम्य दिसलं की जगभर ही एकच सरमिसळ होणारी लोकसंख्या असावी असं लेखकांनी सुचवलं, हे जरा जास्तच ताणलंय असं मानणारेही आहेत. २०२१ च्या एका गणिती अभ्यासानुसार अंगातल्या चरबीवर समुद्र ओलांडणं शक्य आहे पण अनुकूल वारा मिळाला तरच. एकूण पाहता भारत-मालदीव-आफ्रिका हा जाण्याचा टप्पा बराच पक्का धरायला हरकत नाही, परतीचा पुरावा पातळ आहे.

इथे पक्षी परत नोंदीत येतात. नागालँडमधून निघून अरबी समुद्र ओलांडणारा अमूर ससाणा साधारण त्याच सुमारास त्याच दिशेने जातो, आणि वाटेत तो हेच चतुर खात असावा असा अँडरसन यांचा तर्क आहे. चातकाचं नावही त्यांनी त्याच संदर्भात घेतलंय. नांदूरला एवढं भव्य काही नाही, पण तारेवर बसलेला वेडा राघू चतुर पकडून आपटताना रोज दिसतो, आणि वंचक व कमळपक्षी अप्सरा टिपतात.

साधनं साधी: ८×४२ ची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची), लांबच्या बदकांसाठी स्पॉटिंग स्कोप, आणि चतुरांसाठी जवळून फोकस होणारी लेन्स. चतुराला जवळपास सगळीकडचं दिसतं, म्हणून वाकून, सावली त्याच्यावर न पाडता, हळू सरकावं लागतं. पक्ष्यांची मोजणी दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेत होते (ही १९८७ पासून). त्या दिवसात प्रौढ चतुर कमी असल्याने त्यांची मोजणी वेगळी, पावसाळ्याच्या शेवटी करावी लागते.

राज्यात याशिवाय लोणार आणि ठाणे खाडी ही रामसर स्थळं आहेत. लोणारचं पाणी अल्कधर्मी आणि खाडीचं खारं, चतुरांच्या थोड्याच जाती असं पाणी सोसतात, म्हणून तिथे चतुर बघायचे तर काठच्या गोड्या झऱ्यांजवळ आणि पावसाळी डबक्यांवर जावं. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणकडे, स्थानिक मच्छीमार होडीतून पक्षी दाखवतात.