आधी भिंत, मग खड्डा

भुयारी मेट्रो म्हटलं की डोळ्यांसमोर बोगदा खणणारं अजस्र यंत्र येतं. पण अभियंत्यांना जास्त घोर असतो तो स्टेशनचा. बोगद्याचा व्यास साधारण सहा-सात मीटर. स्टेशनला मात्र दोनेकशे मीटर लांब आणि वीस-पंचवीस मीटर खोल खड्डा लागतो, तोही इमारतींना खेटून. माती उपसणं त्यातल्या त्यात सोपं. उपसल्यावर बाजूची माती आणि पाणी आत घुसू न देणं, ही खरी परीक्षा.

म्हणून भिंत आधी बांधतात, जमीन जागेवर असतानाच. क्रेनला लटकलेला ग्रॅब, म्हणजे जबड्यासारखी उघडझाप करणारी बादली, जेमतेम मीटरभर रुंदीचा खोल चर खणत जातो. हा चर उघडा ठेवला तर ढासळेल, म्हणून त्यात बेंटोनाइट या चिकणमातीचं दाट पाणी काठोकाठ भरलेलं असतं. त्याचा दाब चराच्या बाजूंना रेटून धरतो आणि मातीवर बसलेला त्याचा पातळ थर भोकं बुजवतो. मग सळयांचा सांगाडा आत सोडतात आणि लांब पाइपमधून काँक्रीट थेट तळाशी ओततात. जड काँक्रीट खालून चढत येतं, बेंटोनाइट वर ढकललं जातं. ते गाळून पुन्हा वापरतात. असे तुकडे एकाला एक जोडून डायफ्राम वॉल तयार होते.

हे सगळं न दिसता, जमिनीच्या पोटात चालतं. तिथेच धोका आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात मेट्रोच्या कामावर अशा भिंतीत दोष राहिला. त्यातून पाणी आणि वाळू खड्ड्यात शिरली आणि ३ मार्च २००९ रोजी शेजारचं शहर अभिलेखागार कोसळलं. शेजारच्या घरांतले दोन तरुण गेले, शेकडो वर्षांची कागदपत्रं ढिगाऱ्यात गाडली गेली.

भिंत चोख असली तरी थोडी वाकतेच, आणि बाहेरची जमीन खचते. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर स्टेशनसाठी ३९ मीटर खोल खणताना बिग बेनचा मनोरा हाकेच्या अंतरावर होता. त्याच्या पायाखाली आधीच आडवे पाइप घालून ठेवले होते. मनोऱ्याचा कल मर्यादेकडे सरकला की त्यांतून नेमक्या जागी सिमेंटचं द्रावण दाबायचं. मला ही युक्ती भिंतीपेक्षाही हुशारीची वाटते.

वर रस्ता लवकर मोकळा हवा असेल, तर छताचा स्लॅब आधी टाकून त्याखाली एकेक मजला उतरत खणतात. तेच स्लॅब समोरासमोरच्या भिंतींना आधार देतात.

शेवटचा शत्रू खालून येतो. रिकामं पातेलं बादलीत दाबलं की वर उसळतं, तसंच स्टेशनचं. भूजलाच्या पातळीखाली तळ १८ मीटर असेल, तर दर चौरस मीटरला १८ टनांचा रेटा वर लागतो. तळ ५,००० चौरस मीटरचा धरला, तर एकूण ९०,००० टन! त्याला पुरून उरण्यासाठी तळाचा स्लॅब जाड करतात, छतावर मातीचा भार टाकतात, कधी वर उचललं जाणं रोखणारे पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले खांब, घालतात. इतकं वजन जमेपर्यंत भूजल उपसणारे पंप बंद पडून चालत नाहीत, म्हणून वीज गेली तरी चालू राहतील अशी सोय साइटवर ठेवावी लागते.