बाळाच्या इसबावर मलम किती आणि कसं लावायचं

"रोज मलम लावतोय, पण फरकच नाही," असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, डबी कधी उघडली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "झाले की दोन महिने." घोळ इथेच असतो. अंगभर इसब (एक्झिमा) असलेल्या बाळाला आठवड्याला साधारण १०० ते २५० ग्रॅम मॉइश्चरायझर (कातडी ओलसर ठेवणारं मलम) लागतं. आम्ही असं मलम विकतो, आणि विकणाऱ्यानेच 'जास्त वापरा' म्हणावं हे खटकेल, पण डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं असेल तरी माप हेच.

एवढं का? कातडीचा वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे सिमेंट. इसब असलेल्या बाळाच्या भिंतीत हे सिमेंट नीट भरलेलंच नसतं, बऱ्याचदा जन्मतःच. मग आतलं पाणी उडून जातं, साबण आणि लाळ आत झिरपते, खाज सुटते. इसब संसर्गाने होत नाही आणि त्यात आईची काही चूक नसते.

पहिल्या वर्षात तो गालांवर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. लंगोटाखालची ओलसर जागा बहुधा त्यातून वाचते. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. चट्टा तपकिरी किंवा राखाडीही असतो. हात फिरवून पाहा, खरखर लगेच कळते.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावी. अंग टिपून घ्या, पुसू नका, आणि किंचित ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांत मलम लावा. चोळायचं नाही, लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने हात फिरवायचा. लावल्यावर अंग थोडा वेळ चकाकलं, तर माप बरोबर. दूध पाजण्याआधी तोंडाभोवतीही एक थर द्या. डबीत बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा.

आमचं मलम औषध नाही. चट्टे भडकले की डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात. त्याला घाबरून ते अर्धवट सोडणारे पालक आम्हाला फार भेटतात, आणि खाजेने बाळाची झोप उडते. ट्यूबमधून काढलेली स्टेरॉइडची, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा. खाण्यामुळेच इसब होतो असं समजून आपल्या मनाने बाळाचं खाणं मात्र तोडू नका.

पिवळी खपली धरली, चट्टा पाझरू लागला, ताप आला किंवा दुखरे फोड घोळक्याने उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक, जे डबीवर बारीक अक्षरात असल्याने कुणी वाचत नाही: मलम मुरलेले कपडे आणि पांघरुणं पटकन पेट घेतात, धुतल्यावरसुद्धा. बाळाला आणि त्याच्या दुपट्यांना आगीपासून लांब ठेवा.