प्रकाशीय जलविघटनाचे अब्जांश संमिश्र उत्प्रेरक

प्रकाश शोषणारा अर्धसंवाहक आणि त्यावर बसविलेले काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) आकाराचे सहउत्प्रेरक (विक्रियेला गती देणारे कण) यांचे संमिश्र. यावर प्रकाश पडला की पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात.

या संशोधनाचा आरंभ सामान्यतः फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२ सालच्या प्रयोगापासून धरतात; त्यात रुटाइलच्या (टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे एक स्फटिकरूप) अग्रावर (इलेक्ट्रोडवर) प्रकाश टाकून पाणी विघटित केले होते. मात्र प्रकाशित रुटाइल अग्रावर ऑक्सिजन सुटतो, हे बॉडी यांनी १९६८ मध्येच नोंदविले होते. शिवाय रुटाइलच्या संवहन पट्टाची (मोकळे झालेले इलेक्ट्रॉन ज्यात असतात त्या ऊर्जापट्टाची) पातळी हायड्रोजन सुटण्याच्या पातळीला इतकी लागून आहे की, बाह्य विद्युत् दाब किंवा दोन कप्प्यांतील आम्ल-अल्क फरक यांच्या साहाय्याविना पाणी कितपत विघटित होते, याबद्दल मतभेद आहेत. फुजिशिमा व होंडा यांनी वापरला तो विद्युत् घट होता, पाण्यात तरंगणारी पूड नव्हे; म्हणून संमिश्रांचा इतिहास १९८० च्या सुमारास, निकेल ऑक्साइडयुक्त स्ट्राँशियम टिटॅनेटापासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा पट्ट-अंतराल (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) ३·० ते ३·२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने सूर्यप्रकाशातील जेमतेम ४-५ टक्के जंबुपार (अतिनील) भागच कामी येतो. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते, पण धन पोकळ्या (प्रकाशाने इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या धनभारित रिकाम्या जागा) पाण्याऐवजी त्यातील सल्फाइडाचेच ऑक्सिडीकरण करतात आणि कॅडमियम विरघळते.

खरी अडचण उलट विक्रियेची. प्लॅटिनम वा ऱ्होडियमवर हायड्रोजन सुटतो आणि तेथेच ऑक्सिजनशी संयोग पावून पुन्हा पाणी होतो. उपाय म्हणून ऱ्होडियमच्या कणावर क्रोमियम ऑक्साइडाचे सु. २ नॅनोमीटर जाडीचे कवच चढवितात. त्यातून ऑक्सिजन गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. ॲल्युमिनियम मिसळलेले स्ट्राँशियम टिटॅनेट वितळलेल्या स्ट्राँशियम क्लोराइडात सु. ११५०° से. ला तापविले की सुबक स्फटिक मिळतात. ते पाण्यात ढवळत प्रकाशात ठेवून क्रमाने ऱ्होडियम क्लोराइड (ऱ्होडियम ०·१ टक्का), पोटॅशियम क्रोमेट (क्रोमियम ०·०५ टक्का) व कोबाल्ट नायट्रेट (कोबाल्ट ०·०५ टक्का) घालतात, टक्केवारी वजनाची. इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पृष्ठांवर व पोकळ्या दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठांवर जमत असल्याने ऱ्होडियम आणि कोबाल्ट आपोआप वेगवेगळ्या जागी बसतात. क्रम बदलल्यास कवच बिघडते. याच संमिश्राची बाह्य पुंज-कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी विक्रियेत कामी आलेल्यांचे प्रमाण) २०२० मध्ये ३५०–३६० नॅनोमीटरला ९६ टक्क्यांपर्यंत आढळली.

मापनात हायड्रोजन व ऑक्सिजन २:१ प्रमाणात यावेत. केवळ हायड्रोजन मिळाला आणि द्रावणात मिथेनॉल असेल, तर ते संपूर्ण जलविघटन नव्हे. मिथेनॉलचेच ऑक्सिडीकरण झालेले असते. हवा गळून आत आल्यास ऑक्सिजन फुगलेला दिसतो, म्हणून नायट्रोजनही मोजावा.

जपानमध्ये २०२१ मध्ये याच प्रकारच्या पुडीच्या १०० चौ. मी. पटलांची नोंद प्रसिद्ध झाली. सौर ऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर कमाल ०·७६ टक्के होते. दोन्ही वायू एकत्रच निघत. हे मिश्रण स्फोटक असल्याने पटलातील पोकळी अरुंद ठेवून हायड्रोजन पुढे पातळ पडद्याने वेगळा केला गेला.