युनिक्स सर्व्हरवर अडकलेली कमांड आणि न चालणारा नेटवर्क पासवर्ड
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कमांड दिल्यावर पडद्यावर काहीच येत नसेल किंवा बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन होत नसेल, तर सर्व्हर लगेच रीस्टार्ट करू नये, अशी आमची सर्व ग्राहकांना आग्रहाची विनंती आहे. या दोन्ही तक्रारी वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. आपला सर्व्हर नेटवर्कवरील दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत असतो. रीस्टार्ट केल्यास तो कोणाची वाट पाहत होता याचा मागमूस उरत नाही. शिवाय ते दुसरे यंत्र अजून बंदच असेल, तर आपला सर्व्हर बंद होतानाही अडकू शकतो.

सर्वप्रथम कंट्रोल आणि क्यू या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. चुकून कंट्रोल-एस दाबले गेले असेल, तर टर्मिनलवरील मजकूर थांबतो आणि कमांड अडकल्याचा भास होतो.

तरीही काही हालचाल नसेल, तर दुसऱ्या टर्मिनलवरून 'पीएस' कमांडने त्या प्रोसेसची (चालू असलेल्या त्या कमांडची) स्थिती पाहावी. लिनक्सवर स्थितीच्या रकान्यात 'डी' हे अक्षर टिकून राहिलेले दिसले, तर ती प्रोसेस कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइलींच्या उत्तरासाठी थांबली आहे असे समजावे. अशा वेळी प्रोसेस सक्तीने संपवणारी 'किल -९' ही कमांड वारंवार देऊन बहुधा उपयोग होत नाही, कारण प्रतीक्षा संपेपर्यंत तो सिग्नल प्रोसेसला लागूच होत नाही. एनएफएसपुरती (नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राच्या फाइली जोडून वापरण्याच्या पद्धतीपुरती) यात सुधारणा झालेली आहे : लिनक्स कर्नलच्या २.६.२५ या २००८ मधील आवृत्तीपासून एनएफएससाठी थांबलेली प्रोसेस 'किल -९' ने संपवता येते. डिस्कवरील मोकळी जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड अडकण्याचे नेहमीचे कारणही एनएफएसच असते, कारण ही कमांड जोडलेल्या प्रत्येक फाइल-सिस्टिमकडे चौकशी करते आणि त्यांपैकी एकाने जरी उत्तर दिले नाही तरी पुढे सरकत नाही. 'डीएफ -एल' फक्त स्थानिक डिस्क पाहते. ती लगेच चालली, तर दोष कोणत्या बाजूला आहे हे कळते. एनएफएस 'सॉफ्ट' पद्धतीने (ठरावीक वेळेत उत्तर न आल्यास प्रयत्न सोडून देणाऱ्या) जोडल्यास अडकणे टळते, हे खरे. परंतु त्यात लिहिलेली माहिती अर्धवट राहण्याचा धोका असतो, म्हणून ज्या फोल्डरमध्ये लेखन होते तेथे आम्ही उत्तर येईपर्यंत वाट पाहणारी 'हार्ड' पद्धतच ठेवतो.

आमच्या मते सर्वांत उपयुक्त चाचणी अगदी साधी आहे. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस -एल' अडकते, पण 'एलएस -एन' त्याच फोल्डरमध्ये तत्काळ चालते, असे आढळले तर फाइली सुस्थितीत आहेत. पहिल्या कमांडला फाइलमालकाच्या क्रमांकावरून त्याचे नाव शोधावे लागते, दुसरी नुसता क्रमांक दाखवते; म्हणजे नावे पुरवणारी सेवा, मग ती एनआयएस असो वा एलडॅप, उत्तर देत नाही. नेमक्या याच सेवेवर पासवर्डची तपासणीही अवलंबून असते.

सर्व्हरने वापरकर्त्यांची माहिती कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधावी, हे 'एनएसस्विच.कॉन्फ' या फाइलमध्ये लिहिलेले असते. तेथे स्थानिक फाइल आधी असेल आणि त्याच नावाची जुनी नोंद त्या फाइलमध्ये राहून गेली असेल, तर नेटवर्कवर बदललेला पासवर्ड त्या एका सर्व्हरवर लागू होत नाही. 'गेटएन्ट पासडब्ल्यूडी' पुढे वापरकर्त्याचे नाव दिल्यास प्रत्यक्षात कोणती नोंद वापरली जात आहे हे दिसते. एनआयएसमध्ये पासवर्ड बदलण्याचे काम केवळ मुख्य सर्व्हरवर होते आणि दुय्यम सर्व्हरांकडे नवी माहिती नंतर पोहोचते. त्यामुळे काही काळ एका यंत्रावर नवा, तर दुसऱ्यावर जुनाच पासवर्ड चालतो. आपले यंत्र कोणत्या सर्व्हरशी जोडलेले आहे, हे 'वायपीव्हिच' सांगते. कर्बेरॉस ही नेटवर्कवर ओळख तपासणारी यंत्रणा वापरात असेल, तर दोन यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. म्हणून वेळ आधी तपासावी. पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याच्या जुन्या डीईएस पद्धतीच्या यंत्रणेत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात, ही गोष्ट सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे आणि अशी यंत्रणा शक्य तितक्या लवकर बदलावी.

रूटचे (सर्वाधिकार असलेले) खाते आणि व्यवस्थापकाचे किमान एक खाते स्थानिक फाइलमध्येच असावे, याबाबत आम्ही तडजोड करत नाही, कारण नेटवर्क सेवा बंद पडते तेव्हा दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा तोच खात्रीचा मार्ग असतो.

आमच्याशी संपर्क साधताना अडकलेली कमांड, तिची वेळ, 'पीएस' मध्ये दिसलेली स्थिती, तसेच अडचण एकाच वापरकर्त्याला येते की सर्वांना आणि एकाच यंत्रावर येते की सगळीकडे, एवढे अवश्य कळवावे. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नये. तपासणीसाठी आम्हाला त्याची गरज पडत नाही.